चिडिया टापूची संध्याकाळची पक्षीफेरी: घ्यावी का?

श्री विजयपुरमहून (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) साधारण २५ किलोमीटरवरच्या चिडिया टापूला स्थानिक वाटाडे पक्षीफेरी नेतात. जरूर घ्यावी, पण 'चारला निघू' म्हणणाऱ्याबरोबर नको. इथे हिवाळ्यात सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो. दोनला निघालात तर अंधाराआधी जंगलात सलग दोन तास मिळतात.

दिवसा आधी अंदमानी कोतवालाचा आवाज शोधा. त्याच्या आसपास अंदमानी टकाचोर असण्याची शक्यता चांगली असते. काळा, लाल तुऱ्याचा अंदमानी सुतार जुन्या, उंच झाडांवर टोचा मारतो. आपल्याकडच्या भारद्वाजाचं काळं अंग डोळ्यांत बसलेलं असेल, तर इथला फिकट तपकिरी अंगाचा भारद्वाज हमखास नजरेतून सुटतो.

फेरीचा खरा ऐवज अंधार पडल्यावर. ह्यूमचं घुबड गर्द, एकसारखं तपकिरी. अंदमानी बहिरी घुबड लहान, पोटावर तांबूस रेघांचं. फरक पाहायला बॅटरीचा झोत दोन-चार सेकंद पुरे. वाटाड्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा घुबडाचा आवाज वाजवत असेल, तर स्पष्ट थांबवा. पक्षी हद्द राखायला धावून येतो आणि विणीच्या काळात अंडी उघडी पडतात. चांगला वाटाड्या आधी नुसता कान देतो.

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या तिच्या काचा धुरकटतात, म्हणून ती निम्म्या वाटेतच पिशवीबाहेर काढून खिडकी उघडा. पावसाळ्यात जळवांसाठी लांब मोजे हवेतच.