उणे ३० चं निळं पाणी आणि माझे १३,५९९ रुपये

एकूण १३,५९९ रुपये गेले. त्यातले ११,४४९ गाडीच्या काचेवर मारायचं 'न गोठणारं' पाणी ऑनलाइन विकणाऱ्या एका माणसाच्या खात्यात आणि बाकीचे त्याच्या मालापायी. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याच्या ज्याच्या दारात गेलो त्याने पहिला आकडाच विचारला आणि ऐकल्यावर कागद बाजूला सारला.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत १९ वर्षं नोकरी करतो. काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांना पिन, ओटीपी यावरून मीच बजावत असतो. त्यामुळे हे ओळखीच्या कुणाला सांगायची इतकी लाज वाटली की महिनाभर गप्प बसलो. आता लिहितोय, कारण तो माणूस अजून तोच माल विकतोय.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या गाडीने मनाली आणि पुढे अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जायचं ठरलं. सातारा ते मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर. आधी जाऊन आलेल्या मित्राने एक गोष्ट निक्षून सांगितली, काचेवर पाणी मारायचा फवारा तिकडे गोठतो, त्याची सोय करूनच निघ. आपण वॉशरच्या टाकीत नळाचं पाणी भरतो. ते शून्याला गोठतं, गोठताना फुगतं, टाकी तडकू शकते. सगळ्यात आधी बंद पडतं ते बॉनेटवरचं नोझल, कारण भोक सुईएवढं आणि वारा थेट त्याच्यावर. आपल्याकडे थंडी म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी हिमकण दिसले तर पेपरात फोटो येतो एवढीच. साताऱ्यात न गोठणारं पाणी कोण कशाला ठेवेल? पोवई नाक्यापासून हायवेपर्यंत चार दुकानं पालथी घातली. एकाने तर इंजिनाचा कूलंट पुढे केला. तो वॉशरच्या टाकीत कधीही ओतू नका. काचेवर तेलकट पडदा धरतो आणि विषारी असतो.

म्हणून मोबाईलवर शोधलं, आणि लगेच जाहिराती यायला लागल्या. बर्फात उभी गाडी, निळा कॅन, 'उणे ३० डिग्री गॅरंटी'. पाच लिटरचे दोन कॅन २,५०० रुपये, तापणाऱ्या नोझलची जोडी ३,४५०, कुरिअर ५००. एकूण ६,४५०, सगळे आगाऊ. पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा बाईचं नाव आलं. मी विचारलं. तो म्हणाला, "सर, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे." नाव जुळत नाही म्हणून मी रोज स्लिपा परत करतो. त्या दिवशी मी पिन टाकला. निघायला नऊ दिवस उरले होते आणि दुसरीकडे माल मिळत नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण खरं कळायला हवं होतं ते पार्सल आलं तेव्हा. संध्याकाळी अंगणात कॅनचं बूच उघडलं. बायको शेजारीच उभी होती. ती वाकून म्हणाली, "अहो, याला तर भांड्याच्या साबणाचा वास येतोय." थंडीत न गोठणाऱ्या वॉशरच्या पाण्यात मिथेनॉल किंवा तसलं अल्कोहोल असतं, बूच उघडलं की स्पिरिटसारखा वास नाकात जातो. हे मी वाचलेलं होतं! वाचलेलं असून मी तिला म्हणालो, "सुगंध घातला असेल." कॅनवर ज्वाळेची खूण नव्हती. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना नाही, बिल नाही. नुसता बर्फाच्या डोंगराचा स्टिकर, तोही एका कोपऱ्यात सुटलेला. मी तो अंगठ्याने दाबून चिकटवला. ती दोन मिनिटं मला रोज आठवतात. एक वाटी घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवली असती तरी पुरे होतं. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ ला असतो, त्यात जे दगड होतं ते उणे ३० ला काय टिकणार? ही परीक्षा प्रत्येकाने करा, महागाच्या कॅनचीही.

नोझल बसवायला ६०० रुपये मजुरी दिली. मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, चालू केलं तरी हाताला गरम लागत नाही." मी विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "पाच डिग्रीच्या खालीच चालू होतात, ऑटोमॅटिक." असे काही नोझल असतातही, म्हणून पटलं.

मनालीकडून अटल बोगद्यात शिरलो. नऊ किलोमीटरचा बोगदा, दहा हजार फुटांवर. अलीकडे ओला रस्ता, पलीकडे बाहेर पडलो तर हवाच वेगळी. रस्ता त्या दिवशी मोकळा होता, पण कडेच्या बर्फाचं पाणी आणि माती मिळून चिखल झालेला. पुढच्या टेम्पोने तो सगळा काचेवर उडवला. वॉशरची दांडी ओढली. मोटरचा घुंई आवाज आला, पाणी आलं नाही. वायपर फिरला आणि चिखल काचभर सारवला गेला. समोरून उतरतं ऊन. एका क्षणात पूर्ण काच पांढरी, दुधासारखी. मागच्या सीटवर आई आणि मुलगी, डावीकडे उतार. मी डोकं खिडकीबाहेर काढून गाडी कडेला घेतली. आई नंतर बराच वेळ एक शब्द बोलली नाही. पैशाचं सोडा, ही गोष्ट मी त्या माणसाला माफ करणार नाही.

घाबरून मी चारपाच वेळा दांडी ओढत राहिलो, त्यात पंपाची मोटर जळली. गोठलंय असं वाटलं की दांडी ओढायची नाही. इंजिन चालू ठेवून थांबा, बॉनेटखालची ऊब नोझल सोडवते. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं नोझलवर धरा. काचेवर उकळतं पाणी मुळीच नको, थंड काच तडकते. मनालीत मोटर १,१५० आणि मजुरी ४०० गेली. तिथल्या मेकॅनिकने टाकी रिकामी करून बर्फाचा चुरा माझ्या हातावर दिला. चांगल्या पाण्यातलंही अल्कोहोल नोझलच्या टोकाला उडून जातं आणि थेंब गोठतो, म्हणून पाण्याची फवारणीची बाटली गाडीत, सीटजवळ ठेवायची, हे त्यानेच सांगितलं. हे साताऱ्यात समजलं असतं तर ४० रुपयांत भागलं असतं.

त्याच रात्री हॉटेलवरून विक्रेत्याला झापलं. तो इतका नरमला की मलाच वाईट वाटलं. म्हणाला, मनालीत आमचा डीलर उद्या नवा सेट बसवून देईल, जुना सेट परत येईपर्यंत ४,९९९ रुपये डिपॉझिट, संध्याकाळी परत. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. परक्या मुलखात, दोन हजार किलोमीटर परतीचं ड्रायव्हिंग समोर असलेला माणूस काय करेल? मी पाठवले. नंतर 'रिफंड'साठी क्यूआर कोड आला, तो मात्र स्कॅन केला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं भान तेव्हा शाबूत होतं.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. बँकेने सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे." विषय संपला. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर. मग एक जण म्हणाला, घटना मनालीची, तिकडे तक्रार द्या. मनालीत फोन केला, ते म्हणाले पैसे साताऱ्यातून गेले. अहो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. मी कलम छापून नेलं. तर उत्तर मिळालं, "साहेब, इथे लाखांचे अर्ज पडलेत, तुम्ही काचेच्या पाण्याचं घेऊन आलात." समोर बसलेले दोघे हसले. फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ आहे, त्यात किती लाखांच्या पुढे असं कुठे लिहिलंय? शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितल्यावर शिक्का शोधायला पंधरा मिनिटं गेली. आजतागायत फोन नाही. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीकडे तीन वेळा रिपोर्ट केला, तिन्ही वेळा 'नियमभंग आढळला नाही'.

चूक माझीही. ऑनलाइन फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पहिल्याच तासाला फोन करायला हवा होता, मी तिसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं. पैसे गेले की आधी १९३०, मग बाकी सगळं. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. म्हणून पत्ता नसलेला कॅन घेऊच नका.

परत आल्यावर नोझल फोडून घेतलं. आत तापणारी तार नव्हतीच. दोन वायरी एम-सीलमध्ये खोचून वर काळी टोपी. उरलेलं निळं पाणी कुल्फीच्या साच्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवलं, सकाळी काडीसकट टणक.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला. दुकानाचं नाव नवं, कॅनवर आता 'उणे ४०', जोडीला १,४५० रुपयांची ऑफर. मी खाली सगळा प्रकार लिहिला. अर्ध्या तासात कमेंट उडवली आणि मला ब्लॉक केलं.