‘स्वतः’ लिहायला इनस्क्रिप्ट कळफलक कसा आहे?

मराठी कळफलक पारखायला ‘स्वतः’ हा शब्द पुरतो. जोडाक्षर आहे, विसर्ग आहे आणि हा शब्द टाळून भागत नाही. ‘अमितला वाटलं की सुनीलने स्वतःची चूक सांगावी’ यात चूक सुनीलची. तिथे ‘आपली चूक’ लिहिलं की ती अमितची, सुनीलची, की ऐकणाऱ्यासकट सगळ्यांची, हे कळत नाही.

विसर्गही शोभेचा नाही. मुख्यतः, अंशतः यांतला ‘तः’ तोच इथे आहे. संस्कृतात ‘स्वतः’चा अर्थ ‘आपल्याकडून, आपणहून’. बोलताना विसर्ग गळतो, म्हणून लिहिताना ‘स्वताला’ होतं. ‘स्वताः’ तर सपशेल चूक.

विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा मानक कळफलक, मिळतो. विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करायची. क्रम उच्चाराचाच: स, हलन्त (पाय मोडायची खूण), व, त, मग शिफ्ट धरून शून्याच्या उजवीकडची, संयोगचिन्हाची कळ. शिफ्ट निसटली तर ‘स्वत-’ उमटतं, हलन्त राहिला तर ‘सवतः’. विसर्गाची ही कळ करंगळीला लांब पडते, सवयीला वेळ लागतो. पण जागा पक्की. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांत विसर्गासाठी काय दाबायचं ते साधनागणिक बदलतं, आणि कंटाळून लोक अपूर्णविराम (कोलन) ठोकतात: ‘स्वत:’. दिसायला जवळपास तेच, पण संगणकाला ते वेगळं चिन्ह. मग मजकुरात ‘स्वतः’ शोधलं तर हा शब्द सापडतच नाही. जुना मजकूर दुरुस्त करताना ‘स्वत:’च्या जागी ‘स्वतः’ असा पूर्ण शब्दच बदलावा. सगळे अपूर्णविराम एकदम बदलले तर वेळा आणि यादीआधीच्या खुणाही बिघडतात.

इनस्क्रिप्टमध्ये ही चूक सहसा होत नाही, कारण इंग्रजी अपूर्णविरामाच्या कळीवर ‘छ’ आहे. खरी उणीवही हीच! अपूर्णविरामासाठी इंग्रजीत जावं लागतं. ते टाळायला पत्रांत ‘विषयः’, ‘सूचनाः’ असे विसर्ग घुसतात. मानक ठरवताना या एका चिन्हाला जागा द्यायला हवी होती. तरीही रोज मराठी लिहिणाऱ्याने हाच कळफलक शिकावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ‘विषय’ लिहून झाल्यावर विंडोज आणि स्पेसबार दाबायचा आळस करू नये.