पाचशे बारा जीबीचं कार्ड, आतली चिप आठची

लग्नसराईत लातूर-नांदेडकडच्या शूटिंगवाल्यांना लुबाडायचा एक ठरलेला प्रकार आहे. यात्रेतल्या स्टॉलवर, आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन, 512 जीबीचं मेमरी कार्ड चारशे रुपयांत मिळतं. वेष्टन झकास, नावाजलेल्या कंपनीचा शिक्का, लॅपटॉपला लावलं तर 476 जीबी दिसतं. (अस्सल 512 चंही विंडोज एवढंच दाखवतं, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज 1024 नं, त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.) हळदीपासून चित्रीकरण सुरू होतं. वऱ्हाड परतल्यावर कार्ड रीडरमध्ये घातलं की विंडोज सांगतं, आधी डिस्क फॉरमॅट करा. दुकानदाराचं उत्तर तयारच असतं: "कार्ड एकदम भारी हाये दादा, तुमच्या विंडोजचाच घोळ हाये. नीट इजेक्ट न करता काढलं असंल."

ही थाप पचते, कारण ती अर्धी खरी आहे. चालू कॉपीत कार्ड ओढलं तर फायली खरंच खराब होतात.

आत काय असतं ते बघा. चिप 8 किंवा 16 जीबीची, आणि तिच्या कंट्रोलरमध्ये (चिप चालवणाऱ्या भागात) भरलेला प्रोग्रॅम संगणकाला 512 असं सांगतो. संगणक त्यावर विश्वास ठेवतो, विचारायला दुसरं कुणी नसतंच. 8 जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत. त्यापुढं दोन गोष्टी घडतात. काही कार्डांत पुढचं लिखाण पुन्हा सुरुवातीला येऊन पडतं. कार्डाची बूट सेक्टर (कार्डाची मांडणी सांगणारा पहिला भाग) आणि फायलींची यादी तिथंच असते, ती पुसली गेली की विंडोजला कार्ड "रॉ", म्हणजे मांडणीच नसलेलं, दिसतं आणि फॉरमॅटची मागणी येते. काहींत जादाचं लिखाण हवेत विरतं: नाव दिसतं, साइज बरोबर, पण व्हिडिओ उघडत नाही. पहिल्या प्रकारात नुकताच काढलेला शॉट कॅमेऱ्यावर नीट दिसतो, त्यामुळे मांडवात कुणालाच शंका येत नाही. तोवर हळद पुसली गेलेली असते.

दोष कार्डाचा की रीडरचा, हे वेगळं काढता येतं. जुना एसडीएचसी रीडर 32 जीबीपर्यंतच्या कार्डांसाठी बनलेला असतो, त्यापुढचं एसडीएक्ससी कार्ड त्यात दिसेलच असं नाही. अडॅप्टरच्या बाजूची लॉकची पट्टी खाली सरकली असेल तर लिहिता येत नाही, वाचता येतं. यूएसबी पोर्ट ढिलं असेल तर लिनक्सवर डीमेसेज (dmesg, संगणकाच्या नोंदी दाखवणारी) कमांड चालवली की डिस्कनेक्टच्या ओळी पुन्हा पुन्हा दिसतात. ढिल्या जोडणीत बिघाड कधी 3 जीबीवर येतो, कधी 40 वर. बनावट कार्ड मात्र दरवेळी त्याच जीबीला दगा देतं, रीडर बदला, लॅपटॉप बदला, काही फरक पडत नाही.

तपासणी विकत घेतल्याच दिवशी, कार्ड रिकामं असताना करायची. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) हे फुकट साधन पुरतं. सगळी जागा निवडून "राइट प्लस व्हेरिफाय" द्या. ते कार्डभर 1 जीबीच्या फायली लिहितं आणि परत वाचून ताडतं. शेवटी किती जीबी ठीक आणि किती गेलं ते आकड्यात येतं. अडचण वेळेची: सेकंदाला 10 एमबीच्या वेगानं 512 जीबी लिहायलाच चौदा तास, त्यात लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लिनक्सवर एफ-थ्री (F3) हे तपासणीचं साधन घ्यावं. त्यातलं एफ-थ्री-प्रोब (f3probe) पूर्ण कार्ड न भरता काही मिनिटांत खरी क्षमता सांगतं. आधी एलएसबीएलके (lsblk, जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) चालवून कार्डाचं डिव्हाइस नाव नीट ओळखा. चुकून लॅपटॉपची हार्ड डिस्क दिली आणि डिस्ट्रक्टिव्ह (आधीचा डेटा न जपणारा) पर्याय लावला तर तिच्यावरचा डेटा जाईल.

एखादी मोठी फाइल टाकून लगेच उघडून बघणं ही तपासणी नव्हे. संगणक ती रॅममधल्या कॅशेतून (तात्पुरत्या साठ्यातून) दाखवतो, कार्डाला हातही लावत नाही. इजेक्ट करून, कार्ड काढून, पुन्हा घालूनच वाचायचं.

शूटिंग आधीच अडकलं असेल तर फॉरमॅट नको आणि चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) तर मुळीच नको, ती फायलींची यादी दुरुस्त करायच्या नादात उरलेलंही मोडते. लॉक लावा, डीडी-रेस्क्यूनं (ddrescue) कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या आणि फोटोरेक (PhotoRec) हे फायली शोधून काढणारं साधन त्या इमेजवर चालवा. लिखाण विरणाऱ्या कार्डात सुरुवातीचे 8 जीबी मिळू शकतात, फिरून लिहिणाऱ्यात शेवटचे साधारण तेवढेच. तेही बिननावाचे तुकडे असतात आणि लांब व्हिडिओ बहुधा अर्धवट.

इथंच दुसरी फसवणूक उभी असते. "तीनशे जीबी काढून देतो, अर्धे पैसे आधी" म्हणणारा भेटतो. जे चिपवर कधी टिकलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. त्याला आधी चिपची खरी क्षमता विचारा. उत्तर टाळत असेल तर कार्ड परत घेऊन निघा.

पैसे परत हवे असतील तर पक्कं बिल, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ आणि चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ऑनलाइन खरेदी असेल तर परतीची मुदत संपायच्या आत संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, आणि 2019 च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विकणारा दिल्लीचा असला तरी हिंगोलीच्या माणसानं हिंगोलीतच करावी. यात्रेतल्या बिनबिलाच्या कार्डाला यातलं काहीच लागू करून घेणं सोपं नाही, स्टॉल दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेलेला असतो.