सगळा जीव तोंडावर, हौदा मात्र आखूड: रॅम 1500 चार दिवस माझ्या गॅरेजात

कुर्ल्याला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. 30 वर्षं पत्रा सरळ करतोय. गेल्या महिन्यात खारच्या एका गिऱ्हाइकाने त्यांची रॅम 1500, म्हणजे अमेरिकन पिकअप, कामाला आणली. बाहेरून मागवलेली, स्टिअरिंग उजवीकडे करून घेतलेली, 2019 ला जो नवा साचा आला त्यातली, चार दारांची. बेसमेंटच्या पार्किंगमधून वर येताना वळणावरच्या खांबाला उजवी बाजू घासली होती. मागच्या दारापासून हौद्याच्या मध्यापर्यंत ओरखडा आणि चाकावरच्या कमानीला तळहाताएवढा पोचा. चार दिवसांचं काम. ही गाडी पळते कशी ते सांगणारे पुष्कळ आहेत, मी तिच्या दिसण्याबद्दल लिहितोय. चार दिवस माझा हात तिच्या अंगावर होता, त्यामुळे तेवढं मी खात्रीने सांगू शकतो.

आधी वडिलांबद्दल थोडं सांगतो, कारण माझी गाड्यांकडे बघायची नजर त्यांनी घडवली. ते कुर्ल्याच्याच प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये होते. प्रीमिअर म्हटलं की लोकांना पद्मिनी आठवते, पण अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून डॉज आणि फारगोचे ट्रकही तिथे तयार व्हायचे. आजची रॅम म्हणजे त्याच डॉजच्या घरातली, नाव तेवढं नंतर वेगळं झालं. त्याच्याही आधी, 1928 मध्ये, जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना टाकून शेव्हरोलेची जोडणी सुरू केली होती. म्हणजे अमेरिकन ट्रकची आणि मुंबईची ओळख जुनी आहे. सुट्टीच्या दिवशी वडील मला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एखाद्या फारगोपुढे न्यायचे आणि बोट दाखवून सांगायचे, "बघ, मडगार्ड चाक झाकतंय, बोनेट इंजिन झाकतंय. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच पत्रा." त्या फारगोचे मडगार्ड बोनेटपासून सुटे, गोल उतरते होते. समोरून बघितलं की एखादा धट्टाकट्टा माणूस खांदे सैल सोडून उभा आहे असं वाटायचं.

आता रॅम. गल्लीत आली तेव्हा भाचा आणि मी दोघांनी मिळून टेप लावली. लांबी 19 फूट 5 इंच, रुंदी आरसे सोडून 6 फूट 10 इंच. गॅरेजात ती तिरकीच ठेवावी लागली आणि शेजारच्या रिक्षावाल्या दादांना चार दिवस त्यांची रिक्षा समोरच्या फुटपाथच्या कडेला लावायला सांगावं लागलं.

बाजूने ही गाडी सुंदर आहे, हे मी मनापासून सांगतो. पोचा काढायच्या आधी मी नेहमी पत्र्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. पत्रा नीट असेल तर उजेडाची रेघ सलग धावते. जिथे ती थरथरते तिथे हातोडी लागते. या गाडीच्या पुढच्या दारावर ती रेघ सरळ आली, खांद्याच्या घडीवर किंचित वर चढली आणि मागच्या दारावरून हौद्यापर्यंत तशीच गेली. दार संपतं आणि हौदा सुरू होतो तिथे मोकळी फट आहे, कारण पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसतात आणि वाटेत दोघं आपापले हलतात. त्या फटीच्या अलीकडची घडी पलीकडच्या घडीला इतकी नेमकी मिळवायची म्हणजे ते काम करणाऱ्याचा हात बसलेला असला पाहिजे. चाकावरच्या कमानी फुगीर आहेत, पण त्यांचा फुगवटा दारात विरघळत जातो, वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. ती उजवी कमान पूर्ववत करायला मला दीड दिवस लागला. पुट्टी कमीत कमी ठेवली, डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, आतून धरून कमान हळूहळू वर उचलली. डोळे मिटून तळहात फिरवला आणि डावी कमान नि उजवी कमान सारखी लागली, तेव्हाच प्रायमर मारला.

पहिल्याच दिवशी सवयीप्रमाणे चुंबक लावून बघितलं. दारांना चिकटलं. बोनेटला लावलं, तर खाली पडलं. बोनेट आणि मागचा फालका, म्हणजे हौद्याचं खाली पडणारं दार, ॲल्युमिनियमचे आहेत, वजन वाचवायला. फोर्डने तर 2015 पासून त्यांच्या एफ-150 पिकअपची सगळी बॉडीच ॲल्युमिनियमची केली. हे मुद्दाम सांगतोय, कारण मुंबईत अशी गाडी घेणाऱ्याने आपल्या डेंटरला आधी विचारावं, "दादा, ॲल्युमिनियमवर हात चालतो का?" लोखंडी पत्र्यासारखं ते तापवून ठोकता येत नाही. त्याची हत्यारंसुद्धा वेगळी ठेवावी लागतात, लोखंडाचा कीस त्यात रुतला तर पुढे रंगाखाली फोड येतात.

आता तोंड. माझी तक्रार इथे आहे.

समोर उभा राहिलो तर बोनेटची कड माझ्या छातीपर्यंत आली, आणि मी साडेपाच फुटांचा आहे. त्याखाली सगळी जाळीच जाळी, मधे तीन मोठी अक्षरं. गल्लीतल्या पोरांनी ती सरळ "राम" अशी वाचली आणि एका आजींनी जाता जाता हातही जोडले. रॅम म्हणजे मेंढा, मागच्या फालक्यावर त्याचं डोकंच आहे, आणि गाडीही तशीच शिंगं रोखून धावून आल्यासारखी दिसते. दिव्यांच्या भुवया खाली ओढलेल्या, बंपरचा जबडा पुढे काढलेला.

एवढी मोठी जाळी कशाला, म्हणून बॅटरी घेऊन आत बघितलं. जाळीच्या मागे काळ्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या आहेत, खिडकीच्या झडपांसारख्या. इंजिनाला गारवा लागेल तेव्हा त्या उघडतात, एरवी मिटतात, म्हणजे गाडी वारा सहज कापते. युक्ती चांगलीच आहे. पण मग साध्या रस्त्यावर बराच वेळ ज्या तोंडातून वारा आत जातच नाही, ते तोंड एवढं उघडं दाखवायचं कशासाठी? वडिलांच्या मापाने बघितलं तर हा पत्रा कामापेक्षा जास्त आहे. मागे जड ट्रॉली लावून घाट चढायचा असेल तर मोठा रेडिएटर लागतो, हे मान्य. योग्य इंजिन घेतलं तर ही गाडी साडेपाच टनांहून जास्त ओढते, आणि अमेरिकेत घोड्यांच्या नाहीतर होड्यांच्या ट्रॉल्या ओढणारे लोक आहेतच. पण तेवढा वारा घ्यायला भुवया आक्रसाव्या लागत नाहीत.

या रागीट चेहऱ्याची सुरुवात एका चांगल्या कल्पनेतून झाली, याचं मला जास्त वाईट वाटतं. डॉजच्या पिकअपचा साचा 1972 पासून जवळपास तोच चालला होता आणि विक्री पार बसली होती. 1994 ला त्यांनी नवी रॅम आणली. बोनेट उंच, मडगार्ड खाली उतरते, मोठ्या मालट्रकसारखे. पहिल्याच वर्षी विक्री दुपटीच्या वर गेली. तिचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला लख्ख आमची फारगो दिसली, तेच सैल खांदे. पुढे मात्र सगळ्यांनी त्यातली उंची तेवढी उचलली. फोर्ड, शेव्हरोले, जीएमसी, टोयोटाची टुंड्रा, प्रत्येक नव्या साच्यात बोनेट वर आणि जाळी आणखी रुंद. 2019 च्या रॅममध्ये मडगार्डची ती उतरण जवळजवळ पुसलीच गेली आहे. राहिली ती भिंत.

तिसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि भाच्याला समोर प्लास्टिकचं स्टूल ठेवायला सांगितलं, दीड फुटाचं. बंपरला टेकवून ठेवलं, दिसेना. "मागे घे." दिसेना. "अजून." तो एकेक पाऊल मागे सरकत होता आणि दर वेळी "मामा, दिसलं?" विचारत होता. नऊ-दहा फूट गेल्यावर स्टुलाची वरची कड दिसली. आमच्या गल्लीत संध्याकाळी पोरं उकिडवी बसून गोट्या खेळतात. उकिडवं बसलेलं पोर त्या स्टुलापेक्षा कितीसं उंच असतं?

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास मांडला. बोनेटची कड 40 इंचांच्या वर असलेली गाडी धडकली तर माणूस दगावण्याचा धोका, 30 इंच किंवा त्याहून खाली उतरत्या बोनेटच्या गाडीपेक्षा, सुमारे 45 टक्के जास्त. माणूस बोनेटवर लोळण्याऐवजी थेट छातीवर मार खातो. तो आकडा वाचल्यावर मी पुन्हा एकदा त्या जाळीसमोर जाऊन उभा राहिलो.

मालक गाडी बघायला आले तेव्हा बोलणं निघालं. म्हणाले, "मिस्त्री, रस्त्यावर समोरचा बाजूला झाला पाहिजे, म्हणून तर घेतली." मी म्हटलं, "साहेब, समोर ट्रक असेल तर तो होईल बाजूला. पण चालणारा माणूस कुठे होणार? आपल्याकडे फुटपाथ कुठे आहे?" ते गप्प राहिले. माणूस समजूतदार आहे, म्हणून हे लिहितोय.

आणि आता हौदा, पिकअपचा मूळ अवयव. हिचा हौदा 5 फूट 7 इंच. आपली बोलेरो पिकअप हिच्यापेक्षा दोन फुटांनी लांबीला कमी, पण तिला नऊ फुटांचा हौदा मिळतो. एलबीएस रोडवर रोज बघा, त्या नऊ फुटांत पाइप, कपाटं, मंडपाचे बांबू, गणपतीही जातात. रॅमची हौद्याची कड इतकी उंच आहे की बाजूला उभं राहून आतली पिशवी उचलायला माझा हात पोचला नाही, चाकावर पाय द्यावा लागला. जुन्या काळी तिकडेही दोन दारांची केबिन आणि आठ फुटांचा हौदा हीच पिकअप सर्रास असायची. केबिन वाढत गेली तसा हौदा आक्रसला. फालका मात्र मला आवडला. कळ दाबली की आपटत नाही, कापूस उतरावा तसा खाली येतो. शेव्हरोलेने त्यांच्या सिल्वराडो पिकअपच्या मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत पाय ठेवायला खाचा दिल्या आहेत, तीही कौतुकाची गोष्ट. एवढीशी खाच, पण पिकअप वापरणाऱ्या माणसाचा गुडघा तिने ओळखला. तोंडावर घालवलेला जीव अशा ठिकाणी लावला असता तर!

हे असं का झालं याचं एक कारण त्यांच्या कायद्यात आहे. 1964 पासून अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 25 टक्के आयात कर आहे. बाहेरचा स्पर्धक दारातच अडला, मग घरातले तीन भाऊ, फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायस्लर, एकमेकांपेक्षा मोठं दिसायच्या मागे लागले. टेस्लाच्या सायबरट्रकने त्यातून वेगळी वाट काढली, स्टेनलेसचा बिनरंगाचा पत्रा आणि पट्टीने आखलेल्या कडा, पण त्याला पोचा पडला तर पुट्टी भरून रंग मारायची सोय नाही. माझ्या धंद्याच्या माणसाला ते बघवत नाही.

मुंबईत पिकअपच घ्यायची असेल तर टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस बघा. दोन्ही साधारण 5.3 मीटर लांब आणि 1.86 मीटरच्या आसपास रुंद. आपल्या गल्लीला त्याही मोठ्याच, पण वळतात. हायलक्स 700 मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, आणि जुलैत कुर्ल्याला त्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगायला नको. चेहरा दोन्हींचा जरा ताणलेला आहे, पण नजरेला नजर देता येते. क्रोम कमीत कमी असलेलं मॉडेल घ्या. आपली खारी हवा क्रोमला दोन पावसाळ्यांत ठिपके पाडते, आणि ते पुसून जात नाहीत.

चौथ्या दिवशी गाडी तयार झाली. ट्यूबलाइटखाली उभी केली तर उजव्या बाजूची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थरथरता गेली. मालक खूश झाले. म्हणाले, "आता पुढे एक दणकट लोखंडी गार्ड बसवून द्या." मी नाही म्हटलं. 2017 च्या डिसेंबरातच केंद्राने असे गार्ड लावायला बंदी केली आहे, आणि बंदी नसती तरी मी त्या तोंडाला आणखी लोखंड लावलं नसतं. त्याऐवजी जाळीच्या खालच्या पट्टीत, बंपरच्या जरा वर, छोटा कॅमेरा बसवून देतो म्हटलं. थोडा वेळ विचार करून ते हो म्हणाले. तासाभराचं काम होतं.

जायची वेळ झाली तेव्हा पोरं गल्लीत उतरली होती. भाचा आपणहून गाडीच्या पुढे झाला आणि दोन्ही हात वर करून, तोंड गाडीकडे ठेवून, उलटा चालत तिला मेन रोडपर्यंत घेऊन गेला.