जुनी वर्तमानपत्रं वाचताना मोल्सवर्थचा कोश

'दर्पण' 1832 साली निघालं, तेव्हाच्या मराठीत 'वर्तमान' म्हणजे बातमीसुद्धा. 'लढाईचें वर्तमान आलें' असं वाचलं की लढाईची खबर पोचली असं समजायचं. 'वर्तमानपत्र' त्यातूनच आलं. नुसता 'चालू काळ' धरून बसलात तर वाक्य लागतच नाही. अशा वेळी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी हवाच. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याची 1857ची दुसरी आवृत्ती फुकट शोधता येते. मेख एकच, शुद्धलेखन जुनं आहे. 'कळणे' नव्हे, 'कळणें' टाका. शेवटचा अनुस्वार गळला की नोंद हुकू शकते. अर्थ इंग्रजीत असले तरी म्हणी, वाक्प्रचार आणि अर्थच्छटा भरभरून दिल्या आहेत. पुढच्या काळातल्या शब्दांसाठी मात्र दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडा.