माझ्या नावावरचं शेत

सोशल सिक्युरिटी नंबर, लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि आदल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न. एवढं सगळं मी एका अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कारण तो मराठीत बोलत होता आणि मला ताई म्हणत होता.

फेब्रुवारी 2021 ची गोष्ट. न्यू जर्सीत मी घरून पोळी-भाजीचे डबे द्यायचे. कोविडमुळे ऑफिसं बंद पडली, तसे डबेही. त्यात हा फोन. "ताई, पीपीपीत छोट्या धंद्यांना कर्ज मिळतं आणि नंतर माफ होतं. अर्ज मी भरतो, फी फक्त दीडशे डॉलर." पीपीपी म्हणजे पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रॅम, कोविडकाळातली सरकारी कर्ज योजना. ती खरी होती, बातम्यांत रोज येत होती, म्हणून माणूसही खरा वाटला. दहा दिवसांनी तो म्हणाला, "नामंजूर झालं ताई." दीडशे डॉलरवर पाणी सोडलं आणि विसरून गेले.

2022 च्या दिवाळीच्या सुमारास पत्र आलं. तुमच्या शेतीसाठी घेतलेल्या 20,833 डॉलरच्या कर्जाचे हप्ते सुरू करा. शेताच्या नावात माझं आडनाव, पत्ता आमच्या टाउनहाउसचा. पैसे माझ्याच नावाने ऑनलाइन उघडलेल्या खात्यात जमा होऊन कधीच निघून गेले होते.

साताऱ्याला वडिलांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "सातबारा कुणी बघितला नाही?" नाही, बाबा. पगारी माणूस नसलेल्या शेतकऱ्याने पीपीपीच्या अर्जाला टॅक्सचा शेड्यूल एफ, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाचा फॉर्म, जोडायचा. 2021 च्या फेरीत निव्वळ नफ्याऐवजी त्यावरचं एकूण उत्पन्न धरलं जायचं, आणि ते लाख डॉलर दाखवलं की हिशेब बरोबर 20,833 वर येतो. माझ्या नावाने तो फॉर्म खोटा बनवला होता. अशी कागदावरची शेतं देशभर सापडली.

याचा राग मला स्वतःच्या नुकसानापेक्षा जास्त येतो. हंटरडन काउंटीत आम्ही दर उन्हाळ्यात ज्यांच्याकडून मका घेतो, त्या शेतकऱ्याची गिऱ्हाइकं 2020 मध्ये तुटली होती. शेतकऱ्यांसाठीच्या कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅमसाठी त्यांनी सरकारी शेती खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी ऑफिसला स्वतः फोन केला, पीक-विक्रीचे हिशेब दिले. त्या अर्जाला एक पैसाही फी नव्हती. पीपीपीतही एजंटने कर्जदाराकडून फी घ्यायला मनाई होती. त्याचं कमिशन बँकेकडून मिळायचं. हे तेव्हा ठाऊक असतं तर दीडशे डॉलर ऐकताच मी फोन ठेवला असता.

पत्र आल्यावर घाबरून पहिला हप्ता भरायला निघाले होते. नवऱ्याने थांबवलं, ते बरं झालं. भरला असता तर कर्ज माझंच आहे असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साइटवर तक्रार नोंदवली, तिची प्रत आणि पोलीस रिपोर्ट कर्ज देणाऱ्या कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवला. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे माझ्या नावाने कुणाला सहज नवं कर्ज काढता येऊ नये. ते फुकट आहे. तुम्ही पत्र यायची वाट बघू नका.

पीपीपीच्या कर्जदारांची यादी सरकारने जाहीर केलेली आहे. तुमचं नाव आणि घरचा पत्ता दोन्ही त्यात शोधा. अशा फसवणुकीचे खटले भरायची मुदत 2022 च्या कायद्याने दहा वर्षं केली आहे, म्हणजे चौकशीचा फोन अजूनही येऊ शकतो आणि तेव्हा हातात तक्रारीचा कागद हवा. आईवडील इथे राहत असतील तर त्यांचीही नावं बघा.

सात महिन्यांनी कंपनीने लेखी कळवलं की कर्ज माझं नाही. परवा ती यादी पुन्हा उघडली. माझ्या घराच्या पत्त्यावर ते शेत अजून तसंच आहे.