शार अझ्नाबल आणि न्यूटाईप: मालिका बघाव्यात की चित्रपट?

गंडाम ही जपानी अॅनिमे मालिका बघायला घेतली की पहिली अडचण येते ती वेळेची. १९७९ ची मूळ मालिका ४३ भागांची, १९८५ ची 'झेटा' ५० भागांची, आणि त्यानंतर १९८८ चा 'शार्स काउंटरअटॅक' हा दोन तासांचा चित्रपट. दोन्ही मालिका चित्रपटांच्या रूपातही मिळतात. पहिलीचे तीन चित्रपट १९८१-८२ मध्ये आले, 'झेटा'चे तीन २००५-०६ मध्ये, 'अ न्यू ट्रान्सलेशन' या नावाने. या सगळ्यामागे दिग्दर्शक योशियुकी तोमिनोच. मालिकांची वाट धरली तर चाळीसेक तास लागतात, चित्रपटांची धरली तर चौदाएक.

कुठली वाट धरायची, हे तुम्ही काय शोधताय त्यावर ठरतं. मी इथे एकाच माणसाचा विचार केलाय: शार अझ्नाबल. मुखवटा घालून लाल यंत्र चालवणारा, नायकाचा वैरी. त्याच्या मनात 'न्यूटाईप' या कल्पनेचं काय काय होत गेलं, ते ज्याला नीट बघायचंय त्याच्यासाठी हा आढावा. पुढे शेवटांसकट सगळं सांगितलंय. काहीच आधी कळू नये असं वाटत असेल, तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा.

न्यूटाईप म्हणजे अवकाशात राहून उत्क्रांत झालेला माणूस, ज्याला समोरच्याचं मन शब्दांवाचून कळतं. हे भाकीत करणारा झिऑन झुम डायकून हा शारचा बाप. म्हणजे ही कल्पना शारकडे वारसाहक्काने आलेली आहे, पण सुरुवातीला त्याला तिचं काही पडलेलं नसतं. सत्तेवर आलेल्या झाबी घराण्याने आपल्या बापाचा जीव घेतला, या एका गोष्टीवर तो जगतो. त्या सुडापायी झाबींच्याच घरातल्या मित्र गार्मालाही तो मरणाच्या तोंडी देतो.

मग लाला सून येते. कपाळावर टिकली असलेली ही मुलगी आपल्याकडच्या प्रेक्षकाला लगेच जवळची वाटते. शार तिच्या शक्तीचं शस्त्र करतो आणि तिच्यावर प्रेमही करतो. रणात नायक अमुरो रेशी गाठ पडते तेव्हा लाला आणि अमुरो एका क्षणात एकमेकांच्या मनात उतरतात, आणि शार बाहेर राहतो. त्याला वाचवायला ती मधे येते आणि अमुरोच्या हातून मरते. शारच्या मनात इथे जी गाठ बसते ती पुढे चौदा वर्षं सुटत नाही. न्यूटाईप हेच माणसाचं भविष्य, हे त्याला पटलेलं असतं. पण ते भविष्य त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं असतं. शेवटच्या द्वंद्वात तो अमुरोला सांगतो की झाबींचा पाडाव आता दुय्यम आहे, पुढचा काळ न्यूटाईपांचा आहे. साथीदार हो, असंही म्हणतो. आणि तिथून जाऊन किसिलिया झाबीला बाझुकाने उडवतो. दोन्ही गोष्टी तो मनापासूनच करतो.

हे सगळं मालिकेतही आहे आणि तीन चित्रपटांतही. इथे मी चित्रपटांच्या बाजूने आहे. मालिका ५२ भागांची ठरली होती, ती ४३ वर आटोपती घ्यावी लागली, त्यामुळे न्यूटाईपचा सगळा पसारा शेवटच्या काही भागांत कोंबलेला वाटतो. तिसऱ्या चित्रपटासाठी बरीच दृश्यं नव्याने काढली गेली, आणि लालाचा भाग तिथे खूपच मोकळा श्वास घेतो. अधलेमधले भाग गाळले जातात, पण शारचं फारसं काही हरवत नाही.

'झेटा'च्या बाबतीत माझं मत नेमकं उलट आहे, आणि यावर मी हटून बसेन.

इथे शार 'क्वात्रो बजीना' या नावाने वावरतो. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच सूड नाही. 'झेटा'चा नायक कामील बिदान याच्यासारख्या पोरांकडे बघत तो थांबून राहतो: न्यूटाईप होऊ शकणारी मुलं हीच, आपण फक्त वाट मोकळी करायची. पुढे मात्र तो येत नाही. तो स्वतःचं नाव नाकारतो तेव्हा कामील त्याला ठोसा मारतो, आणि तारुण्य म्हणतात ते हेच का, असं काहीतरी पुटपुटताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मग ३७ व्या भागात डाकारमध्ये, पृथ्वीच्या सरकारच्या सभागृहात तो उभा राहतो, डायकूनचा मुलगा म्हणून. बापाचा विचार तो जगासमोर स्वतःच्या तोंडाने मांडतो, शस्त्र न उचलता. अख्ख्या कथेत शार सर्वांत चांगला माणूस असतो तो याच भागात.

आणि 'अ न्यू ट्रान्सलेशन'मध्ये हे भाषणच नाही. किलिमांजारोपासून डाकारपर्यंतचा सगळा टप्पा कापलेला आहे.

शेवटही बदललाय. मालिकेत मुख्य शत्रू शिरोक्कोला मारताना कामीलचं मन कायमचं विस्कटतं. ज्याच्यात शारने भविष्य पाहिलं तोच असा मोडतो. चित्रपटात कामील धडधाकट राहतो. तो शेवट मला आवडतो, पण त्यानंतरचा शार त्यातून उमगत नाही. शिरोक्को शारला तोंडावर सांगतो की न्यूटाईप होऊ न शकलेल्यांच्या नशिबी शुद्धीकरणच आहे. लक्षात ठेवा तो शब्द.

कारण 'काउंटरअटॅक'मध्ये शुद्धीकरणाची भाषा शारच्या तोंडी येते. ल्हासावर तो लघुग्रह पाडतो, मग अॅक्सिस हा दुसरा लघुग्रह पृथ्वीवर सोडतो. तर्क तोच, बापाचाच. पृथ्वीच्या ओढीने माणसांचे आत्मे जखडलेत, ती राहण्याजोगी ठेवली नाही तर सगळे अवकाशात येतील आणि बदलतील. डाकारला ज्याची त्याने विनंती केली, त्याची इथे सक्ती होते. क्वेस पराया या मुलीला तो लालासारखंच शस्त्र करतो. तिला बाप हवा होता आणि तेच आपल्याला नकोसं झालं, हे अमुरोशी बोलताना त्याचं त्यालाच उमगतं. चित्रपटात कामीलचं नावही निघत नाही, पण 'झेटा' मालिका बघून आलेल्याला तो सबंध वेळ जाणवत राहतो. शेवटी अॅक्सिस रोखायला दोन्ही बाजूंचे साधे वैमानिक धावून येतात आणि त्यांच्या मनांचा प्रकाश पसरतो. शार ज्याची आयुष्यभर वाट बघत होता ते घडतं, ज्यांच्यावर त्याने पाणी सोडलं होतं त्यांच्याच हातून. ती ऊब त्याला कळते. आणि अशी ऊब असणारी माणसंच पृथ्वीचा नाश करतात, हेही तो त्याच श्वासात म्हणतो.

नुसता 'काउंटरअटॅक' बघावा का, असं बरेचजण विचारतात. बघू नका. शार तिथे एक क्रूर हुकूमशहा वाटेल, फार तर देखणा.

माझा क्रम असा: आधी १९८१-८२ चे तीन चित्रपट, मग 'झेटा'ची पूर्ण मालिका, मग 'काउंटरअटॅक'. मिळून तीसेक तास होतात. १९८६ ची 'डबल झेटा' मालिका शारच्या कथेत नंतर बघितली तरी चालते. ५० भाग झेपणारच नसतील तर 'अ न्यू ट्रान्सलेशन' बघा, पण मालिकेचा ३७ वा भाग आणि शेवटचे दोन भाग तरी वेगळे काढून बघाच.